न मोजलेला घास

१८ नोव्हेंबर

…शेण काढून झालं होतं, म्हशीला वैरण टाकली होती, बंबातलं पाणी तापलं होतं, आणि तरी मी पीठ मळायला उशिरा बसले. त्या सकाळी माझं पोट बरं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्यापासून असं अधूनमधून होतं, मी त्याला गोळीचं पोट म्हणते. दोन-तीनदा जाऊन आले, हाताला बाटलीतलं सॅनिटायझर चोळलं आणि परातीपुढं बसले. हे दारात उभे. म्हणाले, "फौजेत असतीस तर एवढ्या उशिराला मैदानाला चकरा माराय लावल्या असत्या."

मी म्हणाले, "फौजेत भाकरी कोण थापत हुतं तुमाला? सुभेदाराची आई?"

हसले. हाताला ट्रॅक्टरचं ग्रीस होतं म्हणून पहिल्या भाकरीचा तुकडा मीच ठेच्याला लावून त्यांच्या तोंडात घातला. मग ते मळ्यात गेले. मी धुणं घेतलं. ऊन चांगलं पडलं होतं.

एवढंच. त्या सकाळीत विशेष काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना उलट्या-जुलाब लागले आणि सांगलीच्या दवाखान्यात ते वारले. अंगात एकच किडनी होती, ती पाण्यावाचून बंद पडली. दुसरी माझ्या पोटात उजव्या अंगाला आहे. मरणाच्या तीन वर्षं आधी त्यांनीच मला दिलेली.

आज त्या सकाळीला दोन वर्षं झाली.

२७ नोव्हेंबर

साळूबाईचा म्हातारा, नाथाजी, सकाळी गेला. वय झालं होतं. अंघोळीला पाणी काढ म्हणाला आणि बसल्या जागी मान टाकली.

दुपारी माती झाली. मी पिठलं-भाकरी करून घेऊन गेले. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, भाऊबंदांनी कडू घास न्यायचा. आमच्या आळीत पहिला घास जिचं कुंकू गेलंय तिनं स्वतःच्या हातानं भरवायचा असतो. आधी हे काम साळूबाईची थोरली जाऊ करायची. ती वारल्यावर माझ्याकडं आलं. हळदीकुंकवाला मला कोणी बोलवत नाही, नव्या नवरीची ओटी भरायला तर नाहीच. घासाला मात्र पहिली हाक मला असते.

साळूबाई तोंड उघडेना. मी म्हणाले, "आवं, घ्या. मला कुणी भरवला तवा मी बी असंच केलं हुतं."

"तुला आमच्या थोरलीनं भरवला तवा मीच धरून बसले हुते की तुला," ती म्हणाली आणि रडली. मग घास घेतला. तिच्या लेकाला, नानासोला, सुनेला आणि बारक्या नातीलाही मीच दिला.

२९ नोव्हेंबर

साळूबाईच्या घरी सगळे आडवे आहेत. साळूबाई पहिली, मग नात, मग नानासो. मी दुपारी दारातून बघून आले. ओकारीचा तो आवाज ऐकला आणि पाय तिथंच थांबले. ह्यांचा असाच होता. आधी कोरडा खोकल्यासारखा, मग एकदम.

परतताना उसाच्या बांधानं आले. ऐन उन्हाची वेळ, वारा नव्हता. माझ्या मागं कोणी चालतंय असं वाटलं. वळून बघितलं तर कोणी नाही. मी थांबले की तेही थांबायचं.

मी भुताखेताला मानणारी बाई नाही. चौथीतून शाळा सुटली, अक्षर विसरले होते. सांगलीला डायलिसिसला पडून असताना ह्यांनी गावच्या वाचनालयातून पुस्तकं आणून देऊन पुन्हा वाचायला लावलं. आधी बोट ठेवून, मग नुसत्या डोळ्यांनी. आता औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा वाचते. तरी बांधावर मला जे वाटलं ते वाटलं, म्हणून लिहिते.

३ डिसेंबर

साळूबाई उठून बसली. आरोग्य खात्याची माणसं आली होती. नळाचं पाणी बाटलीत घेतलं, आजाऱ्यांची शी डब्यांत घेतली. त्यातल्या एकानं साळूबाईला विचारलं, "आजारी पडायच्या आधी काय खाल्लं होतं?"

"काय खानार? म्हातारा गेल्ता. चूल कुटं पेटलीती?"

"म्हणजे काहीच नाही?"

"कायच न्हाई."

सुनेनंही तेच सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि म्हणाला, मग पाणीच.

मी तिथंच बसले होते. मनात आलं, घास खाल्ला होता की. पण दुखवट्यातला घास खाण्यात कोण धरतं? मी बोलले नाही.

१४ डिसेंबर

धुळामामांची बायको गेली. मामा मेंढरं विकून घरी बसल्यापासून दोघं कायम ओट्यावर असायची, ती तंबाखू मळायची आणि मामा बोलायचे. मी बेसन ढवळून, चार भाकरी बांधून गेले. मामांनी घास घेतला आणि म्हणाले, "पोरी, हाताला चव हाय तुझ्या. म्हातारीनं खाल्ला असता तर तिला आवडला असता."

मी म्हणाले, "तुमी खाल्ला म्हंजे तिला पोचला."

असं बोलायची रीत आहे.

१७ डिसेंबर

धुळामामा गेले. परवापासून ढाळ-वांती होती. त्यांचा लेक शिवतेज उसाच्या फेरीवर ट्रॅक्टर घेऊन गेला होता. तो येऊन गाडी काढेपर्यंत मामा थंड पडले.

आळीत एकच बोलणं आहे. नाथाजी गेला तर त्याच्या घराला लागलं. म्हातारी गेली तर तिनं मामांना नेलंच. लोक त्याला आता नाव देऊन मोकळे झाले, "घास लागला" म्हणतात. म्हणजे गेलेलं माणूस उपाशी असतं, ते मागच्यांच्या घासात येऊन बसतं.

आज मामांच्या घरी घास न्यायचा होता. सून म्हणाली, "काकी, आज नगं. आमाला कुनाचाच नगं." मी भाकरी तशीच परत आणली आणि म्हशीला घातली.

२० डिसेंबर

पाणी चांगलं निघालं. पटकी नाही. सगळ्या डब्यांवर निगेटिव्ह आलं. नानासो चौकात म्हणाला, "बगा, रोग न्हाईच. मग आमी ओकलो ते काय हौसेनं?"

आज सांगलीच्या लॅबमधून एक पोरगी आली. मिस्बाह नाव, माधवनगरची. ती म्हणाली, निगेटिव्ह म्हणजे काही नाही असं नव्हे, जे शोधलं ते नाही. आधी जंतू शोधले होते. आता विषाणू शोधायचे, त्याला वेगळं यंत्र लागतं. बर्फाच्या पेटीतून डब्या न्यायच्या. तिनं घरोघर हिंडून पुन्हा मागितल्या. आजाऱ्यांच्या आणि बऱ्या झालेल्यांच्याही. मामांची डबी आरोग्य खात्यानं ते जायच्या आदल्या दिवशीच घेतली होती, ती तिला मिळाली.

नानासो डबी हातात धरून म्हणाला, "आता ह्याचंबी संकलन केंद्र काडा की बाई, दुधागत. आमच्या म्हातारीची फॅट बगा म्हनावं."

मिस्बाह हसली नाही. म्हणाली, "फॅटपण बघतो आम्ही, दादा. तुमची आधी बघू."

सगळी आळी हसली. मामा गेल्यापासून पहिल्यांदा.

४ जानेवारी

मिस्बाह आज माझ्याकडं चहाला बसली. सगळ्या डब्यांत एकच विषाणू सापडला. थंडीत फिरणारा, ओकारी काढणारा. पण तिला कोडं पडलंय. त्या प्रत्येक विषाणूची लॅबमध्ये ओळख काढली, एका अक्षरापुढं एक अक्षर लावून वाचतात तशी. साळूबाईच्या घरचा आणि धुळामामांचा एकाच कुळातला निघाला, पण मामांकडं तो साळूबाईच्या घरातून आलेला नाही. "दोघं चुलतभाऊ आहेत काकी," ती म्हणाली. "म्हणजे यांचा बाप तिसरीकडं बसलाय. दोन्ही घरांचं एकमेकांकडं जाणं-येणं नाही, विहीर वेगळी, नळ वेगळा. आणि दोन्हीकडं सगळे सांगतात, काही खाल्लं नाही."

"घास खाल्ला की," मी म्हणाले.

तिचा कप तोंडाजवळ थांबला. "कसला घास?"

मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माझी नानी वारली तेव्हा तीन दिवस शेजारून डबे आले. कुणी विचारलं असतं तर मीपण सांगितलं असतं, आम्ही काही खाल्लं नाही." मग हळूच विचारलं, "घास कोण करतं?"

"मी."

"तुमचं पोट कसं असतं?"

"गोळीचं पोट हाय. किडनीच्या गोळ्यांनी होतं असं, कागदावरच लिवलंय."

"हात?"

मी तिला सॅनिटायझरची बाटली दाखवली. किडनी बसवल्यापासून मी त्याच्याशिवाय कशाला हात लावत नाही. साबणापेक्षा माझा त्याच्यावर भरवसा. मिस्बाहनं बाटली हातात घेऊन उलटी-सुलटी केली. "हे पुष्कळ गोष्टी मारतं," ती म्हणाली. "नेमका हा त्यानं नीट मरत नाही. ह्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं."

जाताना तिनं माझी डबी नेली. मी आनंदानं दिली. आपली तपासणी तरी होईल म्हटलं.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीची भाकरी, मिसळभाजी, तीळ लावले. एकटीनं खाल्लं. मलकापूरहून रेश्माचा फोन. पोरीला सातवा संपत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, संक्रांत झाली की जावई आणून सोडणार.

"आई, आल्यावर मला रोज तुझ्या हातचं लागंल. इथं सासूबाई लय गोड करतात सगळं."

"भरवीन की," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि हातांकडं बघत बसले. का ते कळलं नाही.

१९ जानेवारी

मिस्बाह आली. बरोबर कोणी नव्हतं. दार लोटून घेतलं.

ते यंत्र विषाणूच्या खुणेच्या नकला काढतं म्हणे, एकाच्या दोन, दोनाच्या चार, असं करत जातं, आणि पुरेशा झाल्या की उजळतं. थोडा असेल तर उशिरा उजळतं. मिस्बाह म्हणाली, "तुमचा फार लवकर उजळला, काकी. मला वाटलं माझं काही चुकलं. मी दोनदा केलं."

साळूबाईच्या घरचा आणि मामांचा, दोन्हींचा बाप माझ्यात आहे. नुसता बाप नाही, त्याच्या कितीतरी पिढ्या. चांगल्या माणसाच्या पोटातून तो थोड्या दिवसांत जातो. माझ्या गोळ्या शरीराला गप्प बसवतात, किडनीला परकं समजून हाकलू नये म्हणून. शरीर गप्प बसलं, तर त्यानंही घर केलं. वर्षानुवर्षं राहतोय, वाढतोय, बदलतोय. मला फक्त गोळीचं पोट वाटलं.

मी विचारलं, "म्हंजे मामांना मी मारलं?"

"असं नका म्हणू. मामांचं हृदय आधीच…"

"मी विचारलं ते सांग."

ती खाली बघत होती. तिच्या ओढणीला चहाचा डाग पडला होता, तो ती नखानं खरवडत होती.

ती गेल्यावर मी मागच्या दारी बसले. मळ्यात उसाच्या पाचटाचा धूर होता. बांधावर माझ्या मागून चालत होतं ते काय होतं, ते आता कळलं. मागून नव्हतं.

२२ जानेवारी

सांगलीला गेले. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, ह्यावर औषध नाही. दोनच वाटा आहेत. एक, गोळ्या आहेत तशा चालू ठेवायच्या. किडनी सुरक्षित राहील, विषाणूही राहील. मग दुसऱ्याचं अन्न करायचं नाही, लहान बाळाला हात लावायचा नाही, वेगळा संडास. दोन, गोळी निम्मी करायची. शरीर जागं होईल, विषाणूला घालवील. पण जागं झालेलं शरीर किडनीवरही जाऊ शकतं.

"आणि किडनी गेली तर?"

"पुन्हा डायलिसिस. दुसरी किडनी ह्या वयात…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी म्हणाले, निम्मी करा. बाईंनी विचारलं, घाई का? मी म्हणाले, लेक बाळंतपणाला यायची आहे.

येताना एसटीत उजव्या कुशीवर हात ठेवून बसले. कातडीच्या खाली मुठीएवढं लागतं. हे थट्टा करायचे, "भाड्यानं ठेवलंय मी त्याला तुझ्याकडं, नीट वागीव." मी मनात म्हटलं, निम्म्या गोळीत भागवा आता.

२५ जानेवारी

रेश्माला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. खरं कारण सांगितलं. आधी ती चिडली, मग रडली, मग म्हणाली गोळी कमी करू नको. मी म्हणाले, केली.

मग धुळामामांच्या घरी गेले. अंगणातच उभी राहिले. शिवतेजला सगळं सांगितलं, लॅब, विषाणू, घास. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "काकी, आमच्या आईला बा शिवाय करमत नव्हतं. ती येऊन घिऊन गेली त्याला. त्यात तुमी कुटं आला?"

"शिवतेज, मशिनीत दिसलंय."

"मशीन काय सांगतंय मला. तुमी जावा घरी." रागानं नाही म्हणाला. त्याला ते तसंच ठेवायचं होतं. मी घरी आले.

साळूबाईला मात्र पटलं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या म्हाताऱ्यानं न्हवं व्हय! मी उगंच दोन म्हैनं त्याच्या फोटूला शिव्या दिल्या, जाताजाता आमाला बी ओडाय लागला म्हनून."

"न्हाई. माझ्यामुळं."

"तुझ्यामुळं काय गं, तुझ्या फौजीमुळं. त्याचीच किडनी, तिच्याच गोळ्या. मेल्यावर बी परेड घेतली आमची." आणि पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं.

उठताना तिनं मला पाणी दिलं, आणि मी प्यायलेला तांब्या तिनं उचलला नाही. मीच धुऊन पालथा घातला.

२ फेब्रुवारी

मिस्बाहचा फोन. तिनं मागं माझ्याकडं ह्यांच्या आजाराची चौकशी केली होती. ते ज्या दवाखान्यात वारले तिथली ह्यांची शी त्या वेळी तिच्याच लॅबला गेली होती, आणि अशा नमुन्यांतलं थोडं पुढच्या अभ्यासाला गोठवून ठेवतात. मी सही दिल्यावर तिनं शोधलं. सापडलं.

मी फोन हातात धरून उभीच राहिले. ह्यांच्या अस्थी कृष्णेत सोडल्या तेव्हा मला वाटलं होतं आता काही उरलं नाही. आणि इकडं सांगलीत, भिंतीतल्या कपाटात, बर्फाहून कितीतरी थंड, ह्यांचं काहीतरी दोन वर्षं बसून होतं. मी त्या रस्त्यानं महिन्याला जाते.

"ते आणि तुमच्यातलं एकच आहे, काकी. अगदी जवळचं नातं."

"म्हंजे ह्यांचं माझ्याकडं आलं."

मिस्बाह म्हणाली, "कुणाकडून कुणाकडं गेलं ते नमुना सांगत नाही."

"ह्यांचंच असंल. हे उसाच्या टोळीत बसून चहा प्यायचे, कुणाच्या बी हातचा."

ती काळजी घ्या म्हणाली.

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. ह्यांच्या दोन वस्तू माझ्यापाशी आहेत. एक त्यांनी जाणूनबुजून दिली. दुसरी राहून गेली.

११ फेब्रुवारी

निम्म्या गोळीला तीन आठवडे होत आले. पोट शांत आहे. इतकं शांत गेल्या कैक वर्षांत नव्हतं. सकाळी उठते, चहा घेते, काही होत नाही. धारा काढून डेअरीच्या पोराच्या हाती देत नाही, साळूबाईची सून येऊन म्हैस पिळते.

चार दिवस झाले, घर फार रिकामं वाटतंय. ह्यांच्यामागं दोन वर्षं मी ह्याच घरात राहिले, पण असं वाटलं नव्हतं. खोलीत गेले की कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं होतं. काल स्वयंपाकघरात थांबून मी मोठ्यानं म्हणाले, "कुटं चाललाय?" आवाज ऐकून माझी मीच दचकले.

१६ फेब्रुवारी

मिस्बाह स्वतः डबी न्यायला आली होती, निरोप आज आला. विषाणू पुष्कळ उतरलाय. यंत्र आता खूप उशिरा उजळतं. आणखी महिना-दोन महिने असंच राहिलं तर जाईलही.

तिचा आवाज आनंदी होता. मी बरं म्हणाले.

जेवले नाही. भूक नव्हती.

२० फेब्रुवारी

मलकापूरला रेश्मा बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. पण दोघी बऱ्या आहेत. मुलगी झाली. जावयानं फोनवर दाखवली. डोकं काळंभोर, मूठ मिटलेली. रेश्मा म्हणाली, "कपाळ बग आई, कुनाचं हाय?"

ह्यांचं आहे. कानापर्यंत सरळ गेलेलं, मधे थोडं खोलगट.

मी पडद्यावर बोट ठेवलं आणि चित्र बंद पडलं. पुन्हा लावायला जावयाला वेळ लागला.

२६ फेब्रुवारी

आज सांगलीला रक्त दिलं आणि दुपारी निकाल कळला. क्रिएटिनिन वाढलंय. म्हणजे किडनी कुरकुरायला लागली. उजव्या कुशीत चार दिवस जड वाटत होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही. आज पूर्ण गोळीवर आलात तर बहुतेक सावरेल. मात्र विषाणू पुन्हा उसळी घेईल आणि मग तो कधी जाईल याची आशा धरू नका. निम्मीवर राहिलात तर महिन्याभरात तुम्ही नातीला मांडीवर घेऊ शकाल, पण किडनीचं मी सांगू शकत नाही.

"तुमच्या आईला काय सांगितलं असतंत?" मी विचारलं.

"आईला पूर्ण गोळी घे म्हटलं असतं. पण आईनं ऐकलं नसतं."

मी एक दिवस मागितला.

घरी आल्यावर रेश्माशी बोलले. ती म्हणाली, "पूर्ण घे. पोरीला आजी लांबून दिसंना का, पन दिसाय पायजे." साळूबाई कुंपणापलीकडूनच म्हणाली, "फौजीनं दिलंय ते सांबाळ. पोराबाळांस्नी घिऊन बसाय आमी हाय की." सगळ्यांचं एकमत आहे. बाईंचंही मनातून तेच. म्हणजे मला ठरवायला सोपं आहे.

बारशाला ये, दारात खुर्ची टाकते, बाळाला खिडकीतून दाखवते, असंही रेश्मा म्हणाली. मी उद्या सांगते म्हणाले.

संध्याकाळी केर काढला, देवाजवळ दिवा लावला. कोपऱ्यातल्या ह्यांच्या खोलीत जाऊन उगीच उभी राहिले. तिथं कोणी नव्हतं.

२७ फेब्रुवारी

सकाळी पूर्ण गोळी घेतली. मग रेश्माला फोन केला आणि बारशाला येत नाही म्हणून सांगितलं. घर आज कालच्याइतकं रिकामं वाटलं नाही.